गळ टाकण्याचा छंद

नदीच्या काठी हातात काठी धरून तासन् तास पाण्याकडे बघत बसलेला माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्याविषयी आपले मत फारसे बरे नसते. 'याला काही कामधंदा नाही वाटते,' असे म्हणून आपण पुढे जातो. आपल्या भाषेनेही त्याला बरे स्थान दिलेले नाही. एखाद्या लबाडाने भोळ्या माणसाला फसविले, की आपण म्हणतो, 'लागला बिचारा गळाला!' म्हणजे गळ टाकणारा तो लबाड आणि गळाला लागणारा तो बिचारा, असा निकाल आपण आधीच देऊन ठेवला आहे.

आज या गळ टाकणाऱ्या माणसाविषयी चार गोष्टी आपणांस सांगायच्या आहेत. पण एक खुलासा आधी केला पाहिजे. आपला भोई किंवा कोळी बांधव जाळे टाकतो तो पोटासाठी. शेतकऱ्याने नांगर धरावा तसा तो त्याचा धंदा आहे, आणि त्याविषयी कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मी बोलणार आहे ते फावल्या वेळी, केवळ मौज म्हणून गळ टाकणाऱ्यांविषयी. त्यांच्यापैकी मी एक आहे, हेही सांगून टाकतो. म्हणजे मागाहून आपण मला गळाला लावले, असे कुणी म्हणायला नको.

माझे बालपण नीरा नदीच्या काठी गेले. घरात आजी माळकरी. घरी मासा शिजणे तर दूरच, त्याचे नावही निघत नसे. पण नदी घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि भोई आळीतले एक वृद्ध गृहस्थ, त्यांना सारा गाव नाना म्हणे, आम्हां पोरांचे मोठे दोस्त. त्यांनी मला काठीला तंगूस कसा बांधावा, गळाला दानवे कसे ओवावे, मोराच्या पिसाच्या दांडीची तरंगणी कशी करावी, हे सारे शिकविले. मी मासे धरी आणि नानांच्या घरी नेऊन देई. एक दिवस आजीला हे कळले. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "खात नाहीस, तर धरतोस कशाला?"

मंडळी, या छंदाविषयी जे जे काही विचारण्यासारखे आहे ते सारे आजीच्या त्या एका प्रश्नात आले आहे. पोटासाठी धरणाऱ्याला उत्तर सोपे आहे. मौजेसाठी धरणाऱ्याला ते शोधावे लागते. मला ते शोधायला पुष्कळ वर्षे लागली.

काही लोक म्हणतात, हे खूळ साहेबाने आणले. ते खरे नाही. इंग्लंडात या छंदाचा थाट मोठा आहे, यात शंका नाही. आयझॅक वॉल्टन या लेखकाचे गळाने मासे धरण्यावरचे पुस्तक १६५३ साली निघाले आणि ते आजही वाचले जाते. पण त्याच्याही पाचशे वर्षे आधी, इ. स. ११३० च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. हे कल्याणी म्हणजे आपल्या सीमेलगतचे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. या ग्रंथाचे शंभर अध्याय आहेत. राजनीती आहे, पाकक्रिया आहे, संगीत आहे, आणि 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरणही आहे. कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो, त्याला काय आवडते, दोरी आणि काठी कशी असावी, याची चर्चा राजाने मन लावून केली आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते अभ्यासकांपुढे आणले. तेव्हा दख्खनच्या नद्यांवर नऊशे वर्षांपूर्वीही गळ पडत होते आणि राजाला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. मात्र राजाने केले म्हणून ते बरोबर, असे माझे म्हणणे नाही. राजे लोक पुष्कळ काही करतात! सांगायचे एवढेच, की हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

आता यात मौज ती कसली? न बसलेल्या माणसाला ती कळत नाही, म्हणून थोडे समजावून सांगतो. मासा धरायचा तर आधी पाणी वाचावे लागते. माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, म्हणून तो बहिरा आहे असे पुष्कळांना वाटते. पण त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. ही रेघ म्हणजे पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या सूक्ष्म इंद्रियांची ओळ. शिवाय आतले कान असतात ते वेगळेच. रोहू, कटला, खवल्या यांच्या जातकुळीत तर पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत लहान हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना फार चांगले ऐकू येते. आपण काठावर पाय आपटला, की तो धक्का जमिनीतून पाण्यात आणि पाण्यातून माशापर्यंत पोचतो. म्हणून जुना गळकरी मांजराच्या पावलाने चालतो.

तीच गोष्ट दिसण्याची. पाण्यात अर्धवट बुडविलेली काठी वाकडी दिसते, हे शाळेत आपण मुलांना दाखवितो. प्रकाश पाण्यात शिरताना वळतो म्हणून असे होते. त्याच कारणाने पाण्यातल्या माशाला वरचे सारे जग डोक्यावरच्या एका गोल झरोक्यातून दिसते आणि काठावर उभा असलेला माणूस त्या झरोक्याच्या कडेला डोकावताना दिसतो. माणूस जितका उंच, तितका लवकर दिसणार. म्हणून काठावर उभे राहायचे नाही, बसायचे. मिशाळ माशांचे आणखी वेगळे. त्यांच्या मिशांवर चव घेणारी इंद्रिये असतात. गढूळ पाण्यात, अंधारात तो मिशीने चाचपूनच ठरवितो, हे खायचे की सोडायचे.

आणि वेळ? वैशाखात भर दुपारी गळ टाकून बसलेला माणूस फुकट भाजून निघतो. पाणी तापले, की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. मासा मग खोल, गार जागी जाऊन स्वस्थ पडतो. पहाटे आणि दिवेलागणीला तो फिरू लागतो. हे सारे ओळखून आपण बसावे, घटकाभर काहीच होऊ नये, मनातले विचार हळूहळू गाळासारखे खाली बसावेत, आणि एकाएकी तरंगणी थरथरून पाण्याखाली जावी! त्या क्षणी जे वाटते ते सांगता येत नाही. मासा लहान की मोठा याच्याशी त्याचा संबंध नसतो.

पण मंडळी, याच क्षणात धोका आहे. तो मला कसा कळला ते सांगतो.

मी तेरा वर्षांचा असेन. श्रावण चालू होता. बंधाऱ्याच्या मागे एका बाजूला पाणी संथ असे, आणि त्यात पाणवनस्पती माजलेल्या. तिथे मला पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा एक तांबडा पुंजका दिसला. पाहतो तो शेकडो चिमुकली पिल्ले, एकमेकांना बिलगून फिरत होती. क्षणात खाली जात, क्षणात वर येत. मोठ्या पोरांकडून मी ऐकले होते, की असा पुंजका दिसला की त्याच्याखाली मरळ असतोच असतो. मी गळाला लहानसा बेडूक लावला आणि पुंजक्याच्या शेजारीच सोडला. एका दमात पाणी उसळले, काठी वाकली, आणि हातभर लांबीचा मरळ मी काठावर ओढून काढला. एवढा मासा मी आजवर धरला नव्हता. धावतच नानांच्या घरी गेलो.

नानांनी मासा पाहिला. शाबासकी दिली नाही. म्हणाले, "कुठं लागला?"

मी जागा सांगितली.

"वर तांबडी पोरं होती का रं?"

"होती."

नाना थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पोरा, ह्यो भुकेनं न्हाई आला गळाला. पोरं राखाया आला."

संध्याकाळी मी पुन्हा बंधाऱ्यावर गेलो. पुंजका मोडला होता. पिल्ले चार ठिकाणी विखुरली होती, खालून मासे त्यांना टिपत होते आणि वर वाळल्या फांदीवर खंड्या बसला होता. दुसऱ्या दिवशी तिथे काहीच नव्हते.

पुढे पुस्तकांत वाचले, ते नानांच्या बोलण्याप्रमाणेच निघाले. पुष्कळसे मासे अंडी घालून निघून जातात. मरळाचे तसे नाही. नर-मादी अंड्यांची आणि नंतर पिल्लांची राखण करतात, आणि जवळ जे येईल त्याच्यावर तुटून पडतात. बेडूक आला, त्याला हुसकायला तो तुटून पडला आणि त्याच्या तोंडात माझा गळ रुतला. म्हणजे मी त्याला आमिष दाखविले नव्हते. मी त्याच्या पोरांवर चालून गेलो होतो. आजीचा प्रश्न त्या दिवशी मला प्रथम बोचला. पुढे कित्येक वर्षे मी काठीला हात लावला नाही.

ही एका पोराची चूक झाली. पण आज आपल्या गावोगाव जे चालले आहे ते पाहिले, म्हणजे ही चूक किती मोठ्या प्रमाणावर होते हे ध्यानात येते. मृगाचा पहिला पाऊस पडला, ओढे-नाले वाहू लागले, की अंड्यांनी पोट भरलेले मासे उलट्या प्रवाहाने वर चढतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो, कोकणात वळगणीचे म्हणतात. शेताच्या बांधाशी, मोरीच्या तोंडाशी ते हाताने धरता येतात, म्हणून सारा गाव काठ्या, टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन धावतो. मोठी गंमत वाटते. पण हे मासे वर चढतात ते अंडी घालण्यासाठी. ती अंडी ओढ्यात पडायच्या आधीच आपण कढईत टाकतो. दुसरी वेळ चैत्र-वैशाखाची. नदी आटते आणि मासे डोहात कोंडले जातात. तो डोह म्हणजे नदीची बियाण्याची कणगी. शेतकरी उपाशी निजेल, पण बियाण्याला हात लावणार नाही. मग नदीचे बियाणे आपण कसे खातो? त्यातून कुणी सुरुंगाची कांडी टाकतो, कुणी विष कालवितो. त्याने लहान-मोठा, हवा-नको असा सारा जीव मरतो. मासे मारण्यासाठी स्फोटके आणि विष वापरणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरविले आहे. कायदा जुना, पण पाळणारा विरळा.

आपले पूर्वज याबाबतीत अधिक शहाणे होते असे म्हणावे लागते. त्यांनी काही डोह देवाच्या नावाने राखले. देहूला इंद्रायणीच्या डोहातला मासा कुणी मारीत नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड म्हणून एक डोह आहे, तिथले महसीर मासे देवीचे म्हणून लोक जपतात. मुरमुरे टाकले की ते मासे वर येतात. महसीर म्हणजे आपल्याकडचा खडशी किंवा खुदरी. दख्खनच्या माशांची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याने आपल्या लोकांच्या तोंडचेच नाव त्याला दिले. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्याला 'टॉर खुदरी' म्हणतात. कोळशी, फुलंगी, बोगट ही आपली नावेही त्याच्यामुळेच शास्त्राच्या पोथीत गेली. आज ही नावे शाळेतल्या किती मुलांना माहीत आहेत?

आता मी पुन्हा गळ का धरला, ते सांगतो. नोकरी लागल्यावर एकदा कावेरी नदीची हकीकत वाचण्यात आली. कर्नाटकात कावेरीच्या एका भागात हौशी गळकरी येत, महसीर धरीत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत. काय लागले, किती वजनाचे लागले, याची नोंद ते वहीत करीत. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदी शास्त्रज्ञांनी पुढे तपासल्या. तेव्हा असे दिसले, की बाहेरून आणून सोडलेल्या महसीराची संख्या वाढत गेली होती, आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला प्रचंड महसीर दिसेनासा होत चालला होता. पुढे २०१८ साली तो मासा अत्यंत संकटग्रस्त ठरला. नदीत काय घडते आहे ते सांगणारा दुसरा हिशेब कुणाकडे नव्हता, तो या हौशी लोकांच्या वह्यांत निघाला! ते वाचून मला वाटले, आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. जो पाण्याकडे रोज बघतो, त्यालाच पाण्याचे दुखणे आधी कळते. मात्र त्याने बघितलेले लिहून ठेवले पाहिजे, आणि बघता बघता पाण्याचे नुकसान करता कामा नये.

म्हणून हा छंद ज्याला असेल, त्याने काही पथ्ये पाळावीत असे मी सुचवितो. तीही अनुभवाने शिकलेली आहेत.

पहिले पथ्य वेळेचे. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत काठी खुंटीला. तांबडा पुंजका दिसला तर तिथून उठून जावे. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात गळ टाकू नये.

दुसरे परवानगीचे. धरणांचे आणि तलावांचे पाणी पुष्कळ ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असते. त्या पाण्यात मासळीचे बी त्यांनी पैसे मोजून सोडलेले असते. आपली मौज आणि दुसऱ्याची भाकरी, यांत भाकरी आधी. विचारल्याशिवाय बसू नये.

तिसरे हाताचे. घरी न्यायचा तेवढाच मासा न्यावा आणि तो काढल्याबरोबर लगेच मारावा, तडफडत ठेवू नये. जो सोडायचा, त्याच्यासाठी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून ठेवावा, म्हणजे गळ चटकन निघतो. माशाला कोरड्या हाताने धरू नये. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगापासून राखतो, तो कोरड्या हाताने निघून जातो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. शक्य तर पाण्यातच गळ काढावा, प्रवाहाकडे तोंड करून त्याला हलकेच धरावा, आणि तो आपण होऊन निघाला म्हणजे हात सोडावा.

चौथे परक्या माशांचे. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा, १९५२ साली तो आपल्या देशात आणला गेला आणि आज धरणाधरणांत भरला आहे. तो लागला तर खुशाल घरी न्यावा. पण घरातले किंवा बाजारातले परके मासे हौसेने नदीत सोडू नयेत. कावेरीची गोष्ट विसरू नये.

आता कुणी विचारील, की मासा सोडून दिला म्हणजे दोष संपला का? मी प्रामाणिकपणे सांगतो, संपत नाही. २००३ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू दाखवून दिले. माशाला वेदना आपल्यासारखी जाणवते की नाही, यावर वाद चालू आहे. पण वाद मिटेपर्यंत त्याला काहीच वाटत नाही असे समजणे सोयीचे असले, तरी न्यायाचे नाही. म्हणून मी स्वतः आता महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच गळ टाकतो. बाकीच्या दिवशी काठी घरी, वही बरोबर. आणि खरे सांगू? तरंगणी नसतानाही पाण्याकडे बघता येते, हे मला तरंगणीनेच शिकविले.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, मुलांना नदीवर किंवा तळ्यावर न्या. बरोबर गावातल्या जाणत्या भोई माणसाला बोलवा आणि त्या दिवसापुरते गुरुजींचे आसन त्याला द्या. कोणते मासे आहेत, त्यांना आपल्या गावात काय म्हणतात, कोणता मासा आजोबांच्या वेळी होता आणि आता नाही, हे मुलांनी वहीत लिहावे. काठी वाकडी का दिसते हा धडा त्या दिवशी काठावरच शिकवा. पाच वर्षे अशी वही चालली, तर तुमच्या शाळेजवळ तुमच्या नदीचा जो हिशेब जमेल, तो दुसऱ्या कुठल्याही कचेरीत सापडणार नाही.

नाना आता नाहीत, आजीही नाही. बंधाऱ्यामागे ते संथ पाणी अजून आहे. गेल्या श्रावणात मी तिथे उभा होतो, तेव्हा पाणवनस्पतींच्या कडेला पुन्हा एक तांबडा पुंजका दिसला. जवळच दोन मुले काठी घेऊन बसली होती. मी त्यांना तो पुंजका दाखविला आणि त्याच्याखाली कोण आहे, कशासाठी आहे, ते सांगितले. मोठा मुलगा जरा हिरमुसला. पण धाकट्याने तंगूस गुंडाळला आणि विचारले, "काका, मग ही पिल्लं मोठी कधी होतील?"

मी म्हटले, "राखण टिकली, तर होतील."